पीपीएफ फाटलंय : काढावं, ठिगळ लावावं की तसंच राहू द्यावं?

निवांतराव

गाडी २०२१ची, पांढरी सेदान, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने छप्पर सोडून सगळ्या गाडीला पीपीएफ (रंग वाचवायला चिकटवतात ती पारदर्शक फिल्म) लावून घेतलं होतं, त्याला साधारण तीन वर्षं झाली. बिल नाही, वॉरंटी कार्ड नाही, फिल्म कुठल्या ब्रँडची तेही माहीत नाही.

बोनेटच्या पुढच्या कडेजवळ ८ सेंमीची चीर आहे, तिच्या दोन्ही बाजूंची फिल्म उचलली गेलीय आणि खाली माती शिरलीय. पुढच्या बंपरचा डावा कोपरा घासलाय, तिथे फिल्म गोळा झालीय आणि खालचा रंगही गेलाय. मागच्या उजव्या दाराची खालची कड सुटून काळी रेघ दिसते.

एक डिटेलर (गाडीला पॉलिश, फिल्म वगैरे करणारा) म्हणतो सगळं काढा, नवं लावू, १ लाख १० हजार. दुसरा म्हणतो फक्त बोनेट आणि बंपर करू, १९ हजार. तिसरा म्हणतो चिरेवर ठिगळ लावतो, दीड हजार द्या. तिघांच्या आकड्यांत एवढं अंतर आहे की कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

वायपर

रंग कंपनीचा आहे की एखादं पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे? सेकंडहँड गाडीत आधी हे बघा. बाकी सगळं त्यानंतर.

चकाचक_चिंचवड

वायपर यांना अनुमोदन. थोडं सविस्तर लिहितो.

फिल्म खराब झाली म्हणजे नक्की काय झालं, हे आधी वेगळं करा. चार प्रकार असतात.

पहिला, नुसते ओरखडे. कपड्याने पुसल्याच्या बारीक रेघा, नखाचे ओरखडे. फिल्मच्या सगळ्यात वरच्या थरात स्वतःहून सपाट होण्याचा गुण असतो, त्याला उष्णता लागते. ६०-७० अंशांचं गरम पाणी हळूहळू ओता किंवा गाडी दुपारी उन्हात उभी करा. उकळतं पाणी नको. पण ओरखडा त्या थराच्या खाली गेला असेल, नख अडकत असेल, तर कितीही तापवा, जाणार नाही. 'सेल्फ हीलिंग' म्हणून विकतात तेव्हा हे वाक्य कोणी बोलत नाही.

दुसरा, खड्याचा मार. फिल्मला खळगा पडतो, पण आरपार भोक नसेल तर काही करू नका. फिल्मने तिचं काम केलंय. भोक आरपार असेल तर काही दिवसांनी भोवती पांढरट कडं दिसू लागतं, म्हणजे पाणी आत जातंय.

तिसरा, कड सुटणे. चौथा, चीर किंवा घासून फाटणे. तुमच्याकडे तिसरा आणि चौथा आहे. ते दोन्ही गरम पाण्याने जात नाहीत. गोंदाला एकदा माती लागली की तो पुन्हा चिकटत नाही, हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवून दाबलं तरी आठवड्यात परत उठतो.

म्हणून दीड हजारांचं ठिगळ विसरा. उचललेल्या फिल्मवर वरून दुसरा तुकडा चिकटवला तर आतली माती तिथेच राहते, आणि फिल्मवर सिरॅमिक कोटिंग (पाणी-मळ चिकटू न देणारा लेप) असेल तर ठिगळ त्यावर धरतही नाही.

बारीक_चिमटा

ठिगळ सरसकट वाईट नाही हो. खराब भाग गोल किंवा लंबगोल कापून काढायचा, खालचा रंग साफ करायचा आणि त्याच मापाचा नवा तुकडा आत बसवायचा, चहूबाजूंनी १ मिमी फट सोडून. हे ठिगळ वरून नाही, आत असतं. फट जवळून दिसते, त्यात मळ बसून रेघ होते, पण दोन मीटरवरून दिसत नाही. खड्याच्या भोकासाठी उत्तम. ८ सेंमीच्या चिरेसाठी मात्र नको, आणि पांढऱ्या गाडीवर तर नकोच. तीन वर्षांची फिल्म थोडी तरी पिवळसर झालेली असते, मध्ये नवा तुकडा टाकला की तोच आधी दिसतो.

चकाचक_चिंचवड

आतल्या ठिगळाबद्दल मान्य. फक्त तो तुकडा गाडीवरच ब्लेडने कापणारे बरेच आहेत. मूळ फिल्मबरोबर क्लिअर कोटही, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, कापला जातो.

केमिकल_काका

मुळात फिल्म कसली आहे हे कळल्याशिवाय काढायचा बेत करू नका.

बाजारात पीपीएफ नावाखाली दोन कुळं आहेत. टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, आणि पीव्हीसी. मधल्या काळात टीपीएच नावाची चीज आली. ती नवी जात म्हणून खपते, पण तिचा पाया बहुधा मऊ केलेलं पीव्हीसीच असतं. पीव्हीसी मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. ते उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत निघून जातं, मग फिल्म आक्रसते, कडक होते आणि काढताना पापुद्र्यासारखी तुकड्यातुकड्यांनी निघते. गोंद रंगावरच राहतो. चांगली टीपीयू पाच-सहा वर्षांनीही अख्खी चादर म्हणून निघते. काढण्याच्या मजुरीत दुप्पट-तिप्पट फरक पडतो तो यामुळे.

ओळखायचं कसं? चिरेजवळचा सुटा तुकडा कात्रीने कापून घ्या. बोटांनी ताणा आणि सोडा. टीपीयू रबरासारखी मूळ मापावर येते. पीव्हीसी ताणलेलीच राहते किंवा पांढरी पडते.

खात्री हवी असेल तर तांब्याची तार घ्या. वायरचं कव्हर सोलून घेतलेली चालेल. ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, म्हणजे आधीची घाण जळून ज्योत रंगहीन होईल. मग गरम तार फिल्मच्या तुकड्याला टेकवा, थोडं प्लास्टिक तारेला चिकटू द्या आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हिरवी झाली नाही तर टीपीयू असण्याची शक्यता जास्त. तार पक्कडीत धरा, मोकळ्या हवेत करा, धूर छातीत जाऊ देऊ नका.

झेंडूचा_हार

काका, हा प्रयोग स्वयंपाकघरात केला तर घरातून आपलीच कड सुटेल.

केमिकल_काका

म्हणूनच मोकळ्या हवेत म्हटलं.

सोसायटी_सेक्रेटरी

एक वेगळा मुद्दा. मुळात हे लावायचं कशाला? लाखभर रुपयांत अख्खी गाडी दोनदा रंगवून होते. काढून टाका, वॅक्स मारा, सुखाने चालवा. पूर्वीच्या गाड्या काय विनाफिल्मच्या चालत नव्हत्या?

वायपर

पुन्हा रंगवून होते हे खरं, पण कंपनीचा रंग परत मिळत नाही. कारखान्यात गाडीचं उघडं बॉडीशेल भट्टीतून जातं, तिथे १४० अंशांच्या आसपास रंग भाजतात. बाहेर गॅरेजच्या रंगाच्या बूथमध्ये वायरिंग, प्लास्टिक, काचा सगळं बसवलेली गाडी असते, म्हणून ६०-७० अंशांच्या वर जाता येत नाही. दोन्ही रंग वेगळे, त्यांची पकडही वेगळी. आणि गाडी विकताना घेणारा रंगाची जाडी मोजणारं गेज लावून बघतो.

सोसायटी_सेक्रेटरी

गाडी विकताना पुढच्या माणसाला चांगला रंग मिळावा म्हणून आपण आज लाख घालवायचे. छान. (हलके घ्या.)

शून्य_डेप

सेक्रेटरीसाहेबांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. अख्ख्या गाडीला लावण्यापेक्षा बोनेट, पुढचा बंपर, फेंडर, आरसे आणि दारांच्या कडा एवढंच करणारे शहाणे. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकातून उडालेले खडे यांनाच लागतात. डिकीच्या झाकणाला आणि मागच्या दारांना फिल्म हवीच असं काही नाही.

अबोली

काढण्याची पद्धत कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. फिल्म बसवताना झालेली चूक फिल्मचं नुकसान करते, काढतानाची चूक रंगाचं. म्हणून हे काम बसवण्याइतकंच काळजीचं आहे.

गाडी धुऊन सावलीत आणा. उन्हात तापलेल्या बोनेटवर सुरुवात करू नका, तापमान हातात राहत नाही. हीट गन किंवा वाफेचं मशीन चालतं. नवख्याने वाफ वापरावी, वाफेने रंग भाजण्याचा धोका कमी. हीट गन १५-२० सेंमीवर धरा आणि एका जागी थांबवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर हातात ठेवा. फिल्मचा पृष्ठभाग ५५ ते ६५ अंश, त्याच्या वर नको. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे त्याहून जपून.

कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने उचला. स्टीलचं ब्लेड लांब ठेवा. उचललेला पट्टा मागे दुमडून पॅनलच्या जवळ ठेवत ओढा. काटकोनात सरळ वर ओढलं की सगळा जोर रंगावर येतो. एका वेळी तळहाताएवढा भाग तापवा, तेवढाच ओढा, मग पुढे.

वेगाचं गणित असं की हा गोंद झटक्याला कडक होतो आणि सावकाश ओढलं की सैल पडतो. म्हणून हळू ओढायचं. पण फार तापवून फार हळू ओढलं तर गोंद मधोमध फाटतो, अर्धा फिल्मवर आणि अर्धा रंगावर राहतो. रंगावर चिकटा राहायला लागला की उष्णता थोडी कमी करा, वेग किंचित वाढवा. दोन-तीन ठिकाणी करून बघितलं की हाताला त्या गाडीचा वेग सापडतो.

ओढताना सारखं फिल्मच्या आतल्या बाजूला बघत राहा. तिथे रंगाचा ठिपका किंवा पारदर्शक पापुद्रा दिसला तर जागच्या जागी थांबा. खालचा क्लिअर कोट सुटतोय. तेवढा पट्टा कात्रीने कापा आणि बाकीची फिल्म राहू द्या.

बारीक_चिमटा

अबोलीताई, कोनाबद्दल किंचित मतभेद. टीपीयू ताणली जाते, त्यामुळे दुमडण्याऐवजी पॅनलला जवळजवळ समांतर, पुढच्या दिशेने ताणत गेलं की ती बारीक होत होत गोंद सोडते. सपाट बोनेटवर हे भराभर होतं.

अबोली

नवी, लवचीक टीपीयू असेल तर होतं. जुन्या फिल्मवर ताण दिला की ती तुटते आणि मग तुटलेली कड पुन्हा उचलत बसा. काटकोन नको हे दोघांनाही मान्य आहे ना, मग झालं.

राहिलेल्या गोंदासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे, मायक्रोफायबर त्यात भिजवून पाच मिनिटं पॅनलवर ठेवा, मग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने ढकला. नाही निघाला तर संत्र्याच्या सालीच्या तेलावर बनवलेला गोंद-रिमूव्हर. एनसी थिनर नको, विशेषतः जिथे रंग पुन्हा मारलाय तिथे. तिथला रंग मऊ होऊन फडक्यावर येतो.

झेंडूचा_हार

रॉकेल? आमच्याकडे स्टिकरचा गोंद पिढ्यानपिढ्या रॉकेलने निघतो.

केमिकल_काका

थोड्या जागेवर रॉकेल चालतं, रंगाला सहसा इजा करत नाही. पण मागे तेलकट थर राहतो. नवी फिल्म लावायची असेल तर तो साबणाने आणि नंतर अल्कोहोलने पूर्ण काढावा लागतो, नाहीतर नवा गोंद धरत नाही. पेट्रोल नको. ते पटकन उडतं म्हणून लोक वापरतात, पण हीट गन शेजारी चालू असते.

रत्नांग्रीकर

एक गोष्ट किनारपट्टीवाल्यांसाठी. फिल्म लावताना काही जण गाडीवरच ब्लेडने कडा कापतात. ती रेघ फिल्म असेपर्यंत दिसत नाही. पत्र्यापर्यंत गेलेली असेल तर खारट दमट हवेत त्याच रेघेतून गंज धरतो. फिल्म काढली की बोनेटच्या कडेला, दाराच्या हँडलभोवती आणि पेट्रोलच्या झाकणाभोवती टॉर्च तिरपा मारून बघा. सरळ, केसासारखी रेघ दिसली तर टच-अप रंगाने आधी बुजवा. नवी फिल्म लावताना मापात कापलेला सेट मागा किंवा धाग्याची टेप वापरणारा माणूस शोधा. त्या टेपमध्ये धागा असतो, फिल्म वर बसवल्यावर धागा ओढला की फिल्म कापली जाते, ब्लेड रंगाला लागतच नाही.

मापात कापलेल्या सेटला कडेला १-२ मिमी रंग उघडा राहतो, तिथे मळाची रेघ होते. कडेच्या आत वळवून लावलेली फिल्म जास्त छान दिसते. यात एकच उत्तर नाही.

शून्य_डेप

विम्याचं सांगतो, बंपर घासलाय म्हणून. पीपीएफ कंपनीने बसवलेलं नसतं, त्यामुळे ते पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून वेगळं दाखवून, किंमत विमारकमेत धरून, त्याचा प्रीमियम भरलेला असेल तर त्याचे पैसे मागता येतात. बिल लागतं. निवांतरावांकडे बिल नाही, तेव्हा फिल्मचे पैसे विसरा.

बंपरच्या रंगाचा क्लेम करता येईल. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर बंपर बदलताना प्लास्टिकच्या सुट्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, आणि वर नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या विनादावा वर्षानंतर २० टक्के असतो, पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. नुसत्या बंपरच्या रंगासाठी क्लेम टाकण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. बहुतेक वेळा खिशातून दिलेलं स्वस्त पडतं.

सोसायटी_सेक्रेटरी

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या बेसमेंट पार्किंगमध्ये स्लॅबमधून पाणी टपकतं आणि बोनेटवर पांढरे, खडूसारखे डाग पडतात. फिल्मवर पडले तर काय?

केमिकल_काका

काँक्रीटमधून झिरपलेला चुना आहे तो, अल्कधर्मी. ओला असताना नुसत्या पाण्याने धुऊन टाका. वाळून घट्ट बसला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळा, फडकं भिजवून डागावर एखादा मिनिट ठेवा, पुसा, भरपूर पाण्याने धुवा. घासू नका, चुन्याचे कण वाळूसारखे ओरखडे काढतात. उन्हात करू नका. बोअरवेलच्या क्षारांच्या डागांनाही हेच. क्लिअर कोटपर्यंत खड्डा पडला असेल तर पॉलिश लागतं. फिल्म असेल तर खड्डा फिल्मला पडतो, रंग वाचतो.

सोसायटी_सेक्रेटरी

म्हणजे सोसायटीने वॉटरप्रूफिंग केलं तर पीपीएफची गरज नाही. पुढच्या सभेत मांडतो.

झेंडूचा_हार

सेक्रेटरीच तुम्ही आहात.

हळद_कुंकू

अवांतर, पण दसरा दूर नाही. बोनेटवर स्वस्तिक काढलेलं फिल्मवरून निघत नाही, अशा तक्रारी दर वर्षी येतात.

बारीक_चिमटा

अवांतर नाही, नेहमीची केस आहे. हळद आणि कुंकू यांत फरक आहे. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो. धुऊन गाडी दोन-चार दिवस उन्हात ठेवा, बराचसा जातो. बाजारातल्या कुंकवात कृत्रिम रंग असतो, आणि आपण ते तेलात किंवा तुपात कालवून लावतो. तेलामुळे रंग फिल्मच्या वरच्या थरात मुरतो. पहिल्या तासाभरात साबणाच्या पाण्याने निघालं तर निघालं. नंतर अल्कोहोल-पाण्याने फिकट होतं, गुलाबी सावली राहते. फिनिशिंग पॉलिश मऊ फोमच्या पॅडने, डीए मशीनवर (पॅड गोल फिरता फिरता हलतंही असं पॉलिश मशीन), कमी वेगात एक-दोन फेऱ्या, बस. रोटरी मशीन नको, फिल्म एका जागी तापून कायमची सुरकुतते. आणि फार पॉलिश केलं तर तो स्वतः सपाट होणारा वरचा थरच निघून जातो.

सोपा उपाय, स्वस्तिक काचेवर काढा. हार बांधायची तार बोनेटवर घासू देऊ नका. नारळ गाडीसमोर जमिनीवर फोडा, बंपरच्या कडेवर नाही.

झेंडूचा_हार

माझ्या नावाने तार घासते असं कोणी म्हणू नये. मी दोऱ्यातला.

निवांतराव

सगळ्यांचे आभार. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडचं पेंट गेज आणलं. आकडे मायक्रॉनमध्ये, फिल्मसकट:

बोनेट ३०५ ते ३१५
पुढचे दोन्ही फेंडर ३०० ते ३१०
उजवं पुढचं दार ३१०
उजवं मागचं दार ४६५ ते ४९०
डावीकडची दोन्ही दारं ३०५
छप्पर, फिल्म नाही, ११५ ते १२०
बंपरवर आकडाच येत नाही

सुटा तुकडा ताणून बघितला, मूळ मापावर आला. तारेचा प्रयोग गच्चीवर केला, ज्योत हिरवी झाली नाही. ३०० म्हणजे रंग फार जाड आहे का?

वायपर

नाही. गेज फिल्म आणि रंग दोन्ही मिळून मोजतं. तो कापलेला तुकडा छपरावर ठेवा, बोटाने सपाट दाबा आणि गेज लावा. आलेल्या आकड्यातून छपराचे ११८ वजा करा, राहील ती फिल्मची जाडी. बंपर प्लास्टिकचा आहे, साधं गेज पत्र्यावरच चालतं.

निवांतराव

३०८ आला. म्हणजे फिल्म १९० ची.

चकाचक_चिंचवड

आता चित्र स्पष्ट झालं. १९० वजा केले की बोनेट, फेंडर आणि तीन दारं ११०-१२५ च्या घरात, म्हणजे कंपनीचा रंग. उजवं मागचं दार २७५ ते ३००. ते पुन्हा रंगवलेलं आहे, आणि फिल्म लावण्याआधी. पुट्टी नसावी, असती तर आकडा हजारापर्यंत किंवा त्याच्याही वर गेला असता.

म्हणून तिन्ही जागांना तीन वेगळी उत्तरं.

बोनेट. रंग कंपनीचा, फिल्म टीपीयू. पूर्ण बोनेटची फिल्म काढा आणि नवी लावा, अबोलीताईंच्या पद्धतीने. रोल साधारण १.५२ मीटर रुंद येतो, सेदानचं बोनेट एका तुकड्यात बसतं, लांबीला दीड मीटरच्या आत. जोड मागू नका. नव्या बोनेटच्या फिल्ममुळे शेजारचे फेंडर जरा पिवळट वाटतील, पण पॅनलच्या फटीवर रंग बदलला तर डोळ्याला कमी खटकतो.

उजवं मागचं दार. फिल्म काढू नका. बाहेरच्या बूथमधला रंग आहे, कसा घासून, कुठल्या प्रायमरवर मारलाय कोणालाच माहीत नाही. फिल्मबरोबर तो निघून आला तर पाच हजारांचं काम पंधराचं होईल. सुटलेली कड तेवढी कापा. ती आधीच उचललेली आहे, त्यामुळे छोटी कात्री आत जाते, ब्लेड लागत नाही. कापताना खाली जुनं एटीएम कार्ड सरकवून ठेवा. कड सरळ रेषेत, कोपरे गोल. मग इअरबडने अल्कोहोल-पाणी लावून काळी रेघ साफ करा.

बंपर. इथे क्रम महत्त्वाचा. रंग तसाही गेलाय, बंपर रंगवावाच लागणार. म्हणून सगळ्या बंपरची फिल्म काढून टाका, काढताना रंग थोडा निघाला तरी फरक पडत नाही. मग रंगवा. आणि रंगवल्यावर लगेच फिल्म लावू नका.

निवांतराव

किती थांबायचं? पेंटर म्हणतो बूथमध्ये भाजलाय, दुसऱ्या दिवशी लावा.

केमिकल_काका

भाजल्याने वरून कडक होतो, आतलं सॉल्व्हंट हळूहळू निघत राहतं. वर फिल्म बसली की त्याला वाट नाही, मग फिल्मखाली बारीक बारीक फोड येतात किंवा रंग मऊच राहतो. निदान ३० दिवस. पावसाळ्यात रंगवलं तर त्याहून थोडं जास्त थांबलेलं बरं. तेवढ्या दिवसांत वॅक्स किंवा सिरॅमिकही नको.

निवांतराव

आणि बोनेटचं काम होईपर्यंत? पुढचे दोन आठवडे वेळ नाही, पाऊस चालू आहे.

अबोली

चिरेच्या दोन्ही बाजूंची उचललेली फिल्म कात्रीने कापून टाका. चिरेची दोन्ही टोकं गोल करा, टोकदार राहिली तर चीर पुढे सरकते. उघड्या रंगाला चिखल लागला तर निदान धुता येतो, फिल्मखालचा धुता येत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद वेगळा काढत बसावं लागतं. धुताना प्रेशर वॉशरचा नोझल निदान दोन फूट लांब आणि कधीच कडेच्या दिशेने तिरपा नको, पाणी फिल्मखाली घुसून अख्खा पट्टा उचलतं.

बारीक_चिमटा

नवी फिल्म लावायला देताना दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. जुनी काढायची आणि गोंद साफ करायची मजुरी दरात धरलीय का, आणि काढताना रंग निघाला तर कोण भरणार. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण 'आमची जबाबदारी नाही' म्हणतात, म्हणून जे ठरेल ते लेखी घेतलेलं बरं, म्हणजे निदान गेजचे आकडे दाखवून बोलता येतं. रोलच्या खोक्यावरचा क्रमांक आणि तुमचा गाडी नंबर वॉरंटीच्या नोंदीत जायला हवा. वॉरंटी पिवळेपणा, तडे आणि गोंद सुटणे याला असते. खडा लागणं, घासणं, अपघात तिच्यात नाही.

बसवून झाल्यावर पाण्याचे बारीक बुडबुडे दिसले तर घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत सुकतात. दाबून हलत नाही असा, आत कचरा अडकलेला टणक ठिपका असेल तर तो जाणार नाही, गाडी ताब्यात घेतानाच दाखवा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाही, दिवसाउजेडी बघा.

निवांतराव

दुसऱ्या डिटेलरशी बोललो. १९ हजारांतून बंपरची फिल्म सध्या वजा केली, बोनेटचे काढण्यासकट साडेदहा सांगतोय. मापात कापलेला सेट वापरतो, ब्लेड लावत नाही म्हणतो. दाराला हात लावू नको म्हटलं तर म्हणाला, "साहेब, मीच सांगणार होतो."

वायपर

गेज लावल्याशिवाय तो काय सांगणार होता, हे विचारलंत का?

चकाचक_चिंचवड

साडेदहा ठीक आहेत, फिल्मचा ब्रँड आणि जाडी बिलावर लिहून मिळत असेल तर. काढायच्या दिवशी स्वतः उभे राहा. पहिला वीतभर पट्टा काढून झाल्यावर त्याला थांबवा आणि त्या उघड्या रंगावर गेज लावा. ११५-१२५ आला तर पुढे जाऊ द्या.

झेंडूचा_हार

आणि दसऱ्याला स्वस्तिक काचेवर.